गुणात्मक पीएचडीसाठी विश्वदृष्टी आणि सैद्धांतिक चौकट कशी निवडायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य, राज्यशास्त्र या विषयांत पीएचडी करणाऱ्यांकडून सिनॉप्सिसच्या (संशोधन आराखड्याच्या) तोंडावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरण शक्यतो एकच धरलं आहे: बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिला कामगार. विषय तोच ठेवून दृष्टी बदलली की प्रबंध किती बदलतो, हे त्यामुळे नीट दिसतं.

1. वर्ल्डव्ह्यू म्हणजे नक्की काय? तो प्रबंधात लिहायलाच हवा का?

जग कसं आहे, ते आपल्याला कळतं कसं, आणि संशोधकाच्या मूल्यांना त्यात जागा आहे का, या तीन प्रश्नांवर तुम्ही घेतलेली भूमिका म्हणजे विश्वदृष्टी. पहिला प्रश्न सत्तामीमांसेचा, दुसरा ज्ञानमीमांसेचा, तिसरा मूल्यमीमांसेचा. थॉमस कून यांच्या 1962 मधल्या मांडणीपासून ‘पॅराडाइम’ हा शब्द रुळला. बहुतेक विभागांत तो आणि ‘वर्ल्डव्ह्यू’ एकाच अर्थाने वापरतात.

लिहायला हवाच. 14 बायकांशी बोलून काढलेला निष्कर्ष का मानायचा, याचं उत्तर तुमच्या भूमिकेत असतं. ती लिहिली नसेल, तर परीक्षक तुमचं काम सर्वेक्षणाच्या मापाने मोजतो आणि ते अपुरं ठरतं. सिनॉप्सिसमध्ये एक परिच्छेद आणि पद्धतीच्या प्रकरणात दीड-दोन पानं एवढी जागा पुरते. प्रत्यक्षार्थवादाचा (निरीक्षण आणि मोजमापातून मिळतं तेच ज्ञान मानणाऱ्या विचाराचा) ऑगस्ट कॉम्तपासूनचा इतिहास वीस पानं लिहून काही साधत नाही, कारण त्यात तुमची स्वतःची भूमिका कुठेच येत नाही.

2. पॅराडाइम, सैद्धांतिक चौकट, संकल्पनात्मक चौकट, संशोधन पद्धती... हे सगळं एकच ना?

नाही. हे एकावर एक असलेले मजले आहेत. मायकेल क्रॉटी यांनी 1998 मध्ये चार मजल्यांची मांडणी केली: ज्ञानमीमांसा, तात्त्विक दृष्टी, पद्धतिशास्त्र आणि प्रत्यक्ष तंत्रं. मुलाखत हे तंत्र झालं, ग्राउंडेड थिअरी (गोळा केलेल्या माहितीतून सिद्धांत वर आणणं) हे पद्धतिशास्त्र, आणि रचनावाद (अर्थ माणसं मिळून घडवतात असं मानणारी दृष्टी) ही त्यावरची भूमिका. ‘माझी पद्धती मुलाखत आहे’ असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये असेल, तर वरचे मजले बांधायचे राहिले आहेत असं समजा.

सैद्धांतिक चौकट म्हणजे आधीच मांडलेला एखादा सिद्धांत, जो तुम्ही विश्लेषणाला वापरता. उदाहरणार्थ, कलंक आणि ओळख यांबद्दलची गॉफमन यांची मांडणी किंवा अमर्त्य सेन यांचा क्षमता दृष्टिकोन. संकल्पनात्मक चौकट मात्र तुमची तुम्ही बांधता: उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम), मुकादम (टोळी जमवणारा मध्यस्थ), स्थलांतर, बाळंतपण, मुलांची शाळा या संकल्पना एकमेकींशी कशा जोडल्या आहेत, याचा तो नकाशा असतो. या नकाशातल्या बाणांकडे नीट लक्ष द्या. बाण काढला की परीक्षक त्याचा अर्थ ‘कारण’ असा घेतो. तुमच्या लेखी बाणाचा अर्थ ‘याच्या संदर्भात’ एवढाच असेल, तर आकृतीखाली तसं लिहून ठेवा.

3. विश्वदृष्टी किती आहेत? त्यांच्यातला फरक पुस्तकी भाषेत कळत नाही.

पाठ्यपुस्तकांत बहुधा चार येतात: उत्तर-प्रत्यक्षार्थवाद, रचनावाद (याच्याच जवळ अर्थनिर्वचनवाद), परिवर्तनवादी दृष्टी आणि फलप्रामाण्यवाद. पाचवी म्हणून चिकित्सक वास्तववाद आम्ही आवर्जून जोडतो. आता आपला ऊसतोडीचा विषय घ्या.

उत्तर-प्रत्यक्षार्थवादी संशोधक विचारेल: उचलीची रक्कम मोठी असलेल्या कुटुंबांत हंगामात दवाखाना टाळला जातो का, आणि कोणत्या कारणांनी? वास्तव एकच आहे आणि ते आपल्याला अपुरं कळतं, असं तो मानतो. म्हणून कोडांची (मुलाखतीतल्या मजकुराच्या तुकड्यांना द्यायच्या नावांची) यादी आधी ठरते, दोन माणसं वेगवेगळं कोडिंग करतात आणि त्यांचा मेळ किती बसला ते तपासलं जातं.

रचनावादी संशोधकाला ‘कोयता’ हा शब्दच अडवेल. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाच्या वहीत नाव बहुधा नवऱ्याचं आणि हिशोब जोडीचा. ‘आम्ही एक कोयता’ असं म्हणताना बाई स्वतःच्या कामाला कोणता अर्थ देते? इथे उत्तरं अनेक असणार. ही उत्तरं संशोधक आणि ती बाई यांच्या बोलण्यातून घडणार आणि त्यात संशोधक कोण आहे याचाही वाटा असणार.

परिवर्तनवादी दृष्टीत प्रश्न असा होतो: जोडीला एकत्र मजुरी देण्याची ही पद्धत कोणाच्या फायद्याची आहे आणि ती बदलण्यासाठी बायका काय करत आहेत? इथे बायकांचा सहभाग प्रश्न ठरवण्यापासूनच असायला हवा. शेवटच्या प्रकरणात ‘शिफारसी’ जोडल्याने संशोधन परिवर्तनवादी होत नाही.

फलप्रामाण्यवादी कामाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो: आई-वडील फडावर गेल्यावर मूल गावच्या शाळेत टिकावं यासाठी हंगामी वसतिगृह कुठे चालतं, कुठे चालत नाही आणि का? लागेल ती पद्धत वापरायची, पण प्रत्येक पद्धत का घेतली ते सांगायचं. ‘सगळंच चालतं’ म्हणून ही दृष्टी घेणाऱ्यांची व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) अडचण होते.

रॉय भास्कर यांच्या नावाशी जोडलेला चिकित्सक वास्तववाद दुष्काळावरच्या कामाला विशेष उपयोगी पडतो. पाऊस कमी पडला ही गोष्ट कोणी काहीही म्हटलं तरी खरी आहे. पण त्या कमी पावसात टँकर आधी कोणत्या वस्तीत येतो, हे ठरवणारी यंत्रणा सामाजिक आहे आणि ती वरवर दिसत नाही. दिसणाऱ्या घटनांवरून न दिसणाऱ्या यंत्रणेकडे जाणं, हा या दृष्टीचा गाभा आहे. मराठवाड्यातल्या पाणी, शेती आणि कर्जावरच्या प्रबंधांत ती फार कमी वापरली जाते, आणि ही उणीव आम्हाला खटकते.

4. आधी काय ठरवायचं: विषय, विश्वदृष्टी की सिद्धांत?

आधी प्रश्न. तोही गावातल्या माणसाला सांगाल अशा एका साध्या वाक्यात. मग त्या वाक्यातलं क्रियापद तपासा. ‘किती परिणाम होतो’ असं असेल, तर तुम्ही मोजमापाकडे निघाला आहात. ‘कसा अर्थ लावतात’, ‘कसं निभावतात’ ही क्रियापदं रचनावादाकडे नेतात, ‘कसं टिकवलं जातं’, ‘कोणाला वगळलं जातं’ ही चिकित्सक किंवा परिवर्तनवादी दृष्टीकडे.

दुसऱ्या पायरीवर, तुमच्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर कसं दिसेल ते पाच ओळींत लिहून काढा. त्यात टक्केवारी आली की घटनाक्रम, की एखाद्या बाईचं बोलणं? या पाच ओळींत तुमची विश्वदृष्टी आपोआप उघडी पडते. त्यानंतर पद्धतिशास्त्र निवडा आणि सिद्धांत सगळ्यांत शेवटी.

चौथी पायरी बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे क्षेत्राचं वेळापत्रक. ऊसतोडीची गावं दिवाळीच्या आसपास रिकामी होतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत माणसं परतत नाहीत. लोकजीवनाचा दीर्घ सहवास मागणारी पद्धत निवडून गावात डिसेंबरमध्ये क्षेत्रकार्य ठेवलं, तर म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली मुलंच भेटतील. एकतर फडावर जायची तयारी हवी, नाहीतर प्रश्नच मागे राहिलेल्यांबद्दलचा करायला हवा.

उलट्या क्रमाने गेलं की काय होतं? गाइडच्या आधीच्या विद्यार्थ्याने वापरलेला सिद्धांत उचलला जातो, त्याला प्रश्न बेतला जातो आणि मुलाखती हातात आल्यावर त्या सिद्धांतात बसत नाहीत. तोपर्यंत दोन वर्षं गेलेली असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएचडीचा कालावधी किमान 3 आणि साधारणपणे कमाल 6 वर्षं आहे. त्यातली दोन अशी जाणं परवडणारं नाही.

5. सिनॉप्सिसच्या नमुन्यात ‘परिकल्पना’ असा रकाना आहे. माझं संशोधन गुणात्मक आहे. काय लिहू?

आधी शब्दांचा घोळ सोडवा. ‘परिकल्पना’ आणि ‘गृहीतकृत्य’ म्हणजे तपासून पाहायचं विधान. ‘गृहीतक’ म्हणजे न तपासता धरून चाललेली गोष्ट. काही विभाग मात्र ‘गृहीतक’ हा शब्द परिकल्पनेसाठीच वापरतात. तुमच्या विभागात कोणता अर्थ चालतो, ते आधी मंजूर झालेल्या दोन-तीन सिनॉप्सिस वाचून पाहा.

रकाना रिकामा सोडू नका आणि खोटी परिकल्पनाही घालू नका. असं लिहिता येतं: ‘प्रस्तुत अभ्यास अर्थनिर्वचनवादी असल्याने पूर्वनिश्चित परिकल्पना मांडलेली नाही. तिच्या जागी पुढील संशोधन प्रश्न मार्गदर्शक आहेत.’ त्याखाली तीन ते पाच प्रश्न द्या. मुळात उत्तर-प्रत्यक्षार्थवादी गुणात्मक काम असेल, तर तपासायचं विधान मांडायला काहीच हरकत नाही.

6. दोन सिद्धांत एकत्र वापरले तर चालतात का?

चालतात, पण दोघांचं जगाबद्दलचं म्हणणं एकमेकांना छेद देत नसेल तरच. माणूस नफा-तोटा मोजून निर्णय घेतो असं मानणारा सिद्धांत आणि सत्ता माणसाच्या इच्छाही घडवते असं मानणारी फुको यांची मांडणी एकाच प्रकरणात शेजारी बसवली, की प्रत्येक निष्कर्षाचे दोन विरुद्ध अर्थ निघतात. एक सिद्धांत मुख्य ठेवा, दुसऱ्याला मर्यादित काम द्या आणि ते काम कोणतं हे स्पष्ट लिहा.

कसोटी सोपी आहे. विश्लेषण झाल्यावर कोडांची यादी काढा. एखाद्या सिद्धांताने एकही कोड दिला नसेल आणि एकही निष्कर्ष समजावला नसेल, तर तो काढून टाका. तीन सिद्धांतांपैकी दोन नुसते शोभेचे निघतात, असं फार वेळा दिसतं.

7. सगळे सिद्धांत परदेशी आहेत. फुले-आंबेडकरांचा विचार सैद्धांतिक चौकट म्हणून घेता येईल का?

घेता येतो आणि मराठवाड्यातल्या अनेक विषयांसाठी तो घ्यायलाच हवा. अडचण वापरण्याच्या रीतीत आहे. पहिल्या प्रकरणात बाबासाहेबांचं अवतरण येतं आणि विश्लेषणात त्यांचा मागमूस नसतो. अवतरण आदर दाखवतं. चौकटीने मात्र प्रश्नावलीत आणि कोडिंगमध्ये काम करायला हवं.

ते असं करता येतं. बाबासाहेबांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीची यंत्रणा म्हणून सजातीय विवाहाकडे बोट दाखवलं. पुढे श्रेणीबद्ध विषमतेची मांडणी आली: प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपल्या खाली कोणीतरी आहे याचं समाधान मिळतं, म्हणून उतरंड टिकते. ऊसतोडीच्या अभ्यासात ही संकल्पना मुलाखतीच्या प्रश्नांत उतरवा. टोळीत कोण कोणाबरोबर येतं? कोप्या (मजुरांच्या झोपड्या) कोणत्या क्रमाने पडतात? पाणी आधी कोण भरतं? ‘आम्ही त्यांच्यासारखे नाही’ असं कोण कोणाबद्दल म्हणतं? आलेल्या उत्तरांनी संकल्पनेला दुजोरा मिळाला की तिच्यात भर पडली, हे निष्कर्षात सांगा.

जात आणि लिंगभाव एकत्र पाहायचे असतील, तर किम्बर्ली क्रेनशॉ यांची 1989 मधली छेदकतेची मांडणी आणि शर्मिला रेगे यांनी 1998 मध्ये मांडलेली दलित स्त्रीवादी भूमिका या दोन्ही वाचा. पहिली अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांच्या कायद्यापुढच्या स्थितीतून आली आहे, तर दुसरी इथल्या जातिव्यवस्थेशी आणि इथल्या चळवळींशी थेट भिडते. परदेशी सिद्धांत घेतला, तर तो इथे कुठे अपुरा पडला याला स्वतंत्र अर्धं पान द्या. बऱ्याचदा तुमचं सैद्धांतिक योगदान त्या अर्ध्या पानातच असतं.

8. ग्राउंडेड थिअरी घेतली तर चौकट लागत नाही, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी 1967 मध्ये ही पद्धत मांडली, ती सिद्धांत माहितीतून वर यावा म्हणूनच. त्यामुळे आधीची सैद्धांतिक चौकट नसते, पण विश्वदृष्टी असतेच. ग्लेझर यांची वाट, स्ट्रॉस यांनी पुढे घेतलेली वाट आणि कॅथी चारमाझ यांची रचनावादी आवृत्ती यांच्या भूमिका वेगळ्या आहेत. कोणती घेतली ते लिहा.

आणखी एक गोष्ट इथे तपासा. 20 मुलाखती आधी घेऊन मग सगळ्यांचं कोडिंग केलं, तर ती ग्राउंडेड थिअरी राहत नाही. तीन-चार मुलाखती, कोडिंग, त्यावरून पुढचा माणूस निवडणं, असा हा फेरा आहे. तुमचं काम आशयसूत्रं (मुलाखतींत पुन्हा पुन्हा येणारे अर्थाचे धागे) काढण्यापुरतं असेल, तर ब्राऊन आणि क्लार्क यांच्या 2006 मधल्या सहा टप्प्यांचं आशयसूत्र विश्लेषण घ्या आणि प्रामाणिकपणे तेच नाव लिहा.

9. किती मुलाखती घ्याव्यात? समिती आकडा मागते.

आकडा विश्वदृष्टी आणि पद्धत ठरवतात. एकेका अनुभवाचा खोल अर्थ लावणाऱ्या फेनॉमेनॉलॉजीच्या कामात सहा ते दहा माणसं पुरू शकतात. ग्राउंडेड थिअरीत साधारण 20 ते 30 मुलाखतींची तयारी ठेवावी. संपृक्ततेसाठी (नव्या मुलाखतीतून नवं काही निघेनासं होण्यासाठी) ‘12 मुलाखती’ हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. तो गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या 2006 मधल्या अभ्यासातून आला. त्यांनी घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या 60 मुलाखती तपासल्या होत्या. तो गट बऱ्यापैकी एकजिनसी होता आणि प्रश्न ठरलेले होते. तुमच्या गटात तांड्यावरच्या, गावठाणातल्या आणि दलित वस्तीतल्या बायका असतील, तर 12 वर थांबणं घाईचं होईल.

समितीपुढे पल्ला सांगा: ‘18 ते 24, संपृक्ततेनुसार’. तासाभराच्या मुलाखतीचं शब्दशः लेखन करायला चार ते सहा तास लागतात, फडावरच्या गोंगाटात केलेल्या ध्वनिमुद्रणाला त्याहून जास्त. तो हिशोबही वेळापत्रकात धरा.

10. वैधता आणि विश्वसनीयता कशी दाखवू?

उत्तर-प्रत्यक्षार्थवादी असाल तर हेच शब्द वापरा. रचनावादी असाल तर लिंकन आणि गुबा यांचे 1985 मधले चार निकष घ्या: विश्वासार्हता, अन्यत्र लागू पडण्याची क्षमता, प्रक्रियेची सुसंगती आणि पुष्टिक्षमता. एका पानावर ‘वास्तव अनेक आहेत’ आणि दुसऱ्या पानावर ‘दोन कोडकर्त्यांचा मेळ 90 टक्के बसला’ असं आलं, की परीक्षक तिथेच बोट ठेवतो.

सहभागींना निष्कर्ष वाचून दाखवणं हा विश्वासार्हतेचा एक मार्ग आहे. पण टोळीच्या किंवा मुकादमाच्या समोर तो करू नका. एका बाईने सांगितलेली गोष्ट कोणाची, हे लहान गावात दोन वाक्यांत ओळखू येतं.

11. मी त्याच समाजातला, त्याच तालुक्यातला आहे. हा पूर्वग्रह धरला जाईल का?

ते तुमच्या विश्वदृष्टीवर अवलंबून आहे. उत्तर-प्रत्यक्षार्थवादात तो नियंत्रणात ठेवायचा धोका असतो. रचनावादी आणि परिवर्तनवादी कामात तो ज्ञानाचा स्रोत आहे, मात्र उघड मांडलेला हवा. ‘मी तटस्थ राहिलो’ असं लिहू नका. तुमची जात, लिंग, शिक्षण आणि मुकादमाशी असलेलं नातं यांमुळे कोणती दारं उघडली आणि कोणती बंद राहिली, ते उदाहरणासह लिहा. क्षेत्रकार्याच्या पहिल्या दिवसापासून वेगळी डायरी ठेवली नसेल, तर हे प्रकरण नंतर आठवून लिहावं लागतं आणि ते पोकळ होतं.

आतल्या माणसाचा खरा तोटा वेगळा आहे. समोरची बाई ‘तुला तर ठावंच हाय’ म्हणून गप्प होते आणि तुम्हीही पुढे विचारत नाही. ‘मला ठाऊक आहे, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय’ हे वाक्य तयार ठेवा.

12. मुलाखती मराठवाडी बोलीत, दखनीत किंवा गोरबोलीत (बंजारा समाजाच्या बोलीत) आहेत आणि प्रबंध इंग्रजीत. कोडिंग कोणत्या भाषेत करू?

रचनावादी कामात मूळ भाषेत. भाषांतर केलेल्या मजकुरावर कोडिंग केलं, तर तुम्ही भाषांतरकाराने लावलेल्या अर्थाचं विश्लेषण करता. ‘उचल’ या शब्दाचं ‘आगाऊ रक्कम’ असं भाषांतर केलं, की त्यात अडकलेली पुढच्या हंगामाची बांधिलकी निघून जाते. असे 15-20 शब्द मूळ रूपात ठेवा आणि परिशिष्टात त्यांचा अर्थ द्या. फक्त प्रबंधात येणारी अवतरणं भाषांतरित करा. गोरबोली येत नसेल आणि दुभाषा घेतला असेल, तर तो कोण, त्याचं त्या तांड्याशी नातं काय, हे पद्धतीच्या प्रकरणात यायला हवं.

संमतीपत्राचंही तसंच. उचलीच्या कागदावर अंगठा दिलेल्या माणसाला तुमच्या कागदावर अंगठा द्यायची भीती वाटणं स्वाभाविक आहे. ध्वनिमुद्रित तोंडी संमतीची परवानगी आधीच लेखी मागून घ्या.

13. गाइड म्हणतात थोडी टक्केवारी टाका, नाहीतर कमी वाटेल. टाकू का?

तुमच्या 18 सहभागींपैकी ‘66.67 टक्के’ असं लिहू नका. ‘18 पैकी 12 जणींनी’ हे पुरेसं आणि खरं आहे. संदर्भ म्हणून जनगणनेचे किंवा कारखान्याच्या गाळपाचे आकडे देणं वेगळं, ते जरूर द्या. खरोखर दोन्ही हवं असेल, तर मिश्र पद्धतीचा आराखडा करा. मग विश्वदृष्टी बहुधा फलप्रामाण्यवादी किंवा चिकित्सक वास्तववादी होईल आणि नमुना निवडही नव्याने करावी लागेल. गाइडशी बोलताना प्रश्न 10 मधले निकष समोर ठेवा. ‘कमी वाटणं’ बहुतेकदा निकष न सांगितल्यामुळे असतं.

14. क्षेत्रकार्य झाल्यावर लक्षात आलं की निवडलेली चौकट बसत नाही. आता?

सिद्धांत बदलणं सोपं आहे. गुणात्मक कामात तो बदलतोच. का बदलला याचं टिपण तारखेसह ठेवा, संशोधन सल्लागार समितीच्या पुढच्या सहामाही अहवालात ते नोंदवा आणि प्रबंधात लपवू नका. शीर्षकात जुन्या सिद्धांताचं नाव असेल, तर विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे शीर्षकबदलाची मंजुरी लागेल. म्हणून मुळातच शीर्षकात सिद्धांताचं नाव घालणं टाळा.

विश्वदृष्टी बदलणं मात्र अवघड, कारण माहिती एका भूमिकेतून गोळा झालेली असते. होय-नाही छापाच्या 40 प्रश्नांच्या यादीने घेतलेल्या मुलाखती नंतर ‘अनुभवांचा अर्थ’ सांगू शकत नाहीत. अशा वेळी पाच-सहा सहभागींना मोकळ्या मुलाखतीसाठी पुन्हा भेटणं हाच मार्ग उरतो.

15. व्हायव्हात यावर काय विचारतात?

तीन प्रश्न हमखास येतात. हीच दृष्टी का, दुसरी घेतली असती तर निष्कर्ष कसे बदलले असते, आणि तुमचे निष्कर्ष इतर जिल्ह्यांना लागू होतात का? दुसऱ्याची तयारी प्रश्न 3 सारखी करा: स्वतःचा विषय दुसऱ्या एका दृष्टीतून दोन मिनिटं मांडून पाहा. तिसऱ्यावर ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणून थांबू नका. गाव, टोळी, उचलीची पद्धत यांचं इतकं तपशिलाने वर्णन करा की जालना किंवा धाराशिवचा वाचक स्वतःच्या गावाशी ताडून पाहू शकेल. आणि पद्धतीच्या प्रकरणाची छापील प्रत सोबत ठेवा. ‘पान 87 वर मी हे नोंदवलं आहे’ असं सांगता येणाऱ्याला पुढचा उपप्रश्न सहसा येत नाही.